ठासणीच्या बंदुकीचे स्क्रू : प्रकार, मापे आणि मनस्ताप

ठासणीच्या बंदुकीला स्क्रू फार नसतात. घोडा ज्या लोखंडी पाटीवर बसतो ती पाटी लाकडाला आवळणारे दोन, नळीची शेपटी दस्त्यात धरणारा एक, चापाच्या कड्याचे दोन-तीन, दस्त्याच्या बुडाच्या पाटीचे दोन आणि पाटीच्या आतल्या अंगाला कमानी व खटके सांभाळणारे पाच-सहा. नळीला कडी असतील तर आणखी दोन-तीन. एवढाच संसार. बंदूक शंभर-दीडशे वर्षे सहज टिकते. हे स्क्रू मात्र दर पिढीला एक-दोन या हिशेबाने गळत जातात. गळालेल्याच्या जागी त्याच मापाचा दुसरा मिळवणे हे काम वरवर दिसते त्यापेक्षा बरेच मोठे असून त्यात इंग्लंडचा औद्योगिक इतिहास, भारताचा शस्त्र कायदा, मुकुटबन-वणीची हार्डवेअरची दुकाने आणि पऱ्हाटीची वाळकी काडी एवढ्यांचा संबंध येतो.

अशा बंदुका दोन जातींच्या असतात. पहिली जात खऱ्या जुन्यांची. आजा-पणज्याकडून आलेल्या, नळीवरचा शिक्का पुसट झालेल्या. दुसरी प्रतिकृतींची, म्हणजे जुन्या नमुन्याबरहुकूम नव्याने घडवलेल्यांची. परदेशात ही दुसरी जात निव्वळ हौसेची आहे. इटलीतल्या गार्दोने व्हाल ट्रॉम्पिया या बंदूककारांच्या गावी पेदेरसोली हा कारखाना १९५७ साली निघाला आणि त्याने पुढे जुन्या रायफलींच्या प्रतिकृतींतच नाव कमावले. जुने गणवेश चढवून रविवारी लुटुपुटीची लढाई करणारी माणसे त्या विकत घेतात. भारतातूनही असा माल बाहेर जातो. त्याला बत्तीचे भोक पाडलेले नसते, त्यामुळे बंदरात उतरताना तो शोभेची वस्तू असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीत हाच प्रकार हौसेच्या सदरात मोडत नाही, कायद्याच्या सदरात मोडतो. तालुका पैनगंगेच्या अंगाला, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. वावरात कपाशी, तूर, सोयाबीन. लगतच्या जंगलात रानडुक्कर आणि रोही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही अशी परवाना देणाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. इंग्रजी फौजेने १८६६ साली मागून भरायची स्नायडर रायफल हाती घेऊन ठासणीला कायमची रजा दिली. कापसाच्या मुलखात तिची नोकरी कायद्याने चालू राहिली. मुंगेर किंवा जम्मूच्या कारखान्यातून येणारी ठासणीची बंदूक ही तंत्राच्या दृष्टीने एकोणिसाव्या शतकाची प्रतिकृतीच असते, पण घेणाऱ्याला तसे कोणी सांगत नाही आणि सांगितले तरी रानडुकराला त्याचे कौतुक नाही. शिवाय डुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते. म्हणून जागलीच्या बहुतेक रात्री बंदुकीचे काम आवाज करण्यापुरतेच असते. आवाजालाही घोडा लागतो, आणि घोड्याला स्क्रू.

ही कटकट आपल्याकडे मुळात नव्हती. तोड्याच्या देशी बंदुकीची नळी दस्त्याला तारेच्या किंवा चामड्याच्या बंदांनी आवळलेली असे. बंद सैल पडला की दुसरा गुंडाळायचा. त्याचे माप विचारत बाजार पालथा घालावा लागत नसे. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपी सेनानीच्या कवायती पलटणी उभ्या केल्या तेव्हा आग्र्याला सँग्स्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली विलायती धर्तीच्या बंदुका होऊ लागल्या. अशा बंदुकांबरोबर स्क्रूही फौजेत भरती झाला आणि त्याच्यामागून, बिनपगारी, पेचकस आला.

त्या काळचा स्क्रू हाताने होई. प्रत्येक कारागिराकडे आटे पाडायची स्वतःची पोलादी पाटी असे. ती झिजली की आटेही तेवढे बदलत आणि शेजारच्या कारागिराची पाटी तर पहिल्यापासूनच वेगळी. त्यामुळे एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला लागत नसे, आणि एकाच बंदुकीतले दोन स्क्रूही एकमेकांच्या भोकात जात नसत. यावर बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी साधा तोडगा काढला होता. घोड्याच्या पाटीचा स्क्रू काढून भिंगाखाली धरला तर त्याच्यावर कानशीचे बारीक चरे दिसतात: कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. भोकाशेजारी पाटीवरही तितकेच चरे असतात. दोन चऱ्यांचा स्क्रू दोन चऱ्यांच्या भोकात, तीनाचा तीनाच्या. तीनाचा दोनाच्या भोकात घातला तर तो आधी खुशाल जातो, अर्ध्यावर अडतो, आणि मग पेचकस धरलेला मनुष्य जोर लावतो. जुन्या बंदुकांच्या नादुरुस्तीचा निम्मा इतिहास हा या जोराचा इतिहास आहे.

या गोंधळाला शिस्त लावण्याचे श्रेय जोसेफ व्हिटवर्थ यांचे. त्यांनी इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, सगळ्यांच्या आट्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली ती प्रमाण म्हणून मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, पाव इंची स्क्रूला इंचात २० आटे, अशी ती पद्धत. तंतोतंत कोणाचेच नसलेले माप अशा रीतीने सर्वांचे झाले. पुढे व्हिटवर्थ यांनी षटकोनी भोकाची रायफलही काढली. १८६० साली विम्बल्डनच्या नेमबाजीचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीने केले. रायफल लोखंडी चौकटीत घट्ट बसवलेली, नेम आधीच धरून ठेवलेला. राणीने फक्त चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली आणि गोळी ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर लागली. स्क्रू घट्ट असले की राज्यकर्त्याला फार काही करावे लागत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

एक शिस्त लागल्यावर इतरांना आपापली लावावीशी वाटली. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा आटा सुचवला. घड्याळे आणि विजेची उपकरणे यांच्या बारीक स्क्रूंसाठी इंग्रजांनी १८८४ मध्ये बीए नावाची पद्धत घेतली. तिचा कोन साडेसत्तेचाळीस अंश, आणि मापे इंग्रजी नावाखाली चक्क मिलिमीटरची. युरोपने १८९८ साली झुरिकला जमून मेट्रिक आटा ठरवला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांची यंत्रे एकमेकांचे स्क्रू घेईनात, तेव्हा १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्र बसून आणखी एक समाईक पद्धत काढली. आधीच्या पद्धती अर्थातच कोणी बंद केल्या नाहीत.

याचा परिणाम बघायचा तर बोटाच्या पेराएवढे चार स्क्रू पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवावेत. पहिला व्हिटवर्थचा ३/१६ इंची: जाडी ४.७६ मिलिमीटर, इंचात २४ आटे. दुसरा टू बीए: जाडी ४.७, दोन आट्यांतले अंतर ०.८१ मिलिमीटर. तिसरा अमेरिकी दहा-बत्तीस: जाडी ४.८३, अंतर ०.७९. चौथा मेट्रिक एम फाइव्ह: जाडी ५, अंतर ०.८. तीन दशांश मिलिमीटरच्या खोलीत चार भाऊ राहतात आणि उजेड कमी असेल तर आईलाही ओळखू येणार नाहीत. टू बीए एम फाइव्हच्या भोकात लोण्यासारखा जातो, आवळल्यासारखा वाटतो आणि पहिला बार होताच ढिला पडतो. व्हिटवर्थ त्याच भोकात वेढाभर जाऊन हटून बसतो. इटालियन प्रतिकृतीला मेट्रिक स्क्रू लागतो आणि ती ज्या इंग्रजी रायफलीची नक्कल आहे तिला इंची. दोघी शेजारी टांगल्या तर जुळ्या दिसतात. स्क्रूंची अदलाबदल केली की त्यांचे गोत्र कळते.

एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने तर यावरही ताण केली. अमेरिकेतून यंत्रे आणून तिथे १८५३ च्या नमुन्याच्या रायफलीचे भाग अदलाबदल करता येतील असे होऊ लागले. ही खरोखरच क्रांती होती. फक्त आट्यांची काही मापे कारखान्याची खास स्वतःची होती. म्हणजे एनफिल्डचा स्क्रू कोणत्याही एनफिल्डला लागे, आणि जगातल्या दुसऱ्या कशालाही नाही. भारताने या परंपरेत स्वतःची भर घातली. बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड रायफली होऊ लागल्यावर नळीखालचे लाकूड चिरू नये म्हणून त्यातून एक आडवा स्क्रू घालण्यात आला. जगभरचे संग्राहक त्याला इच्छापूर स्क्रू म्हणूनच ओळखतात. ज्या देशात स्क्रू मिळणे मुष्किल त्याच देशाच्या नावे एक जादा स्क्रू जमा आहे.

आता मापाकडे. हरवलेल्याचा जोडीदार शिल्लक असेल तर काम निम्मे होते. व्हर्नियरने जाडी, लांबी, डोक्याचा व्यास आणि आटे नसलेल्या मानेची लांबी घ्यावी. आटे मोजायची दातेरी पानांची गेज मिळते. ती नसेल तर स्क्रू कागदावर दाबून उठलेल्या रेघा मोजाव्यात आणि पट्टीने अंतर घ्यावे. जोडीदारही नसेल तर भोकाचीच साक्ष काढावी लागते. त्यासाठी मऊ लाकडाची काडी भोकापेक्षा किंचित जाड तासून हळूहळू पिळत आत घालतात आणि तशीच उलटी फिरवून काढतात. आट्यांचा ठसा काडीवर उठतो. झरीच्या बाजूला पऱ्हाटी आणि तुराटी यांची टंचाई नाही, त्यामुळे हे एवढे एकच उपकरण जागेवर आणि फुकट मिळते. काडी आत मोडली, तर ती काढण्याचे शास्त्र वेगळे आहे.

माप हाती आले की बाजार. देश १९५६ च्या वजने-मापे कायद्याने मेट्रिक झाला, पण फिटर आणि सुतार अजून सुतात बोलतात: एका इंचाचे आठ सूत, पाव इंच म्हणजे दोन सूत. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता. जिल्ह्याचे नाव बदलले, सूत बदलले नाही. दुकानात दोन सुताचा स्क्रू मागितला की दुकानदार पाव इंची देतो, किंवा सहा मिलिमीटरचा देतो आणि तोच दोन सुताचा म्हणतो. दोघांत ०.३५ मिलिमीटरचा फरक आहे. दरवाज्याच्या कडीला तो चालतो, घोड्याच्या खटक्याला नाही. पुढचे संभाषण सर्वसाधारणपणे ठरलेले असते.

“कोन्त्या गाडीचा हाये हा, काका?”

“गाडीचा नाई.”

“मंग फवारणीच्या पंपाचा असन.”

“पंपाचाबी नाई.”

“मंग हाये तरी कायचा?”

इथे गिऱ्हाईक मागे कोण उभे आहे ते बघते. परवाना खिशात असला तरी ‘बंदुकीचा’ हा शब्द भर दुकानात मोठ्याने उच्चारायला माणूस कचरतो. “जुन्या सामानाचा हाये जी,” असे तो म्हणतो. दुकानदार डबा खाली ठेवतो आणि सांगतो, “जुन्याले जुनंच लागते, काका.” युरोपातल्या शस्त्रतज्ज्ञांनी जाड ग्रंथांतून हाच निष्कर्ष काढलेला आहे.

यानंतर पर्यायी स्क्रूंचा कालखंड सुरू होतो. सायकलच्या बारीक आट्यांचे माप इंचाला २६. ते बहुतेक कशाशीच जुळत नाही, पण सायकल घरात असते म्हणून पहिला प्रयोग तिच्यावर होतो. शिलाई मशीनचे स्क्रू दिसायला सुबक, डोक्याला सरळ खाच, रंगाने काळसर. मात्र सिंगर कंपनीने आपल्या यंत्रांसाठी आट्यांची मापे स्वतःचीच ठेवली होती, त्यामुळे बंदूक दुरुस्त होत नाही आणि मशीन बंद पडते. मोटारसायकलचा सहा मिलिमीटरचा बोल्ट जातो, असे सांगणारा मनुष्य प्रत्येक गावात असतो. त्याचे म्हणणे खरे असते. तो बोल्ट जातो, कारण तो जाताना जुने आटे कापत जातो, आणि त्यानंतर त्या भोकात मूळ स्क्रू सापडला तरी राहत नाही.

जुन्या बंदुकीवर झालेले असे उपचार ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतरचा. हेन्री फिलिप्स यांचे पेटंटच १९३६ चे. अशा बंदुकीचा मालक ती सत्तावन्नच्या बंडातली असल्याचे सांगत असेल तर बंडाच्या सालाबद्दल वाद न घालता स्क्रूकडे बोट दाखवावे. दस्त्याच्या बुडाच्या पाटीतला लाकडी स्क्रू टोकदार निघाला तर तोही नंतरचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडी स्क्रूंना टोक नसे, ते बोथटच असत. आणि डोक्याची खाच फुलासारखी उमललेली असेल तर तिथे बाजारी पेचकस येऊन गेला आहे. बाजारी पेचकसाचे पाते निमुळते असते. जुन्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ भिंतींची. पाते तळापर्यंत पोचत नाही, कडांवर चढते, निसटते आणि नळीवर एक लांब ओरखडा ओढून थांबते. खाचेच्या मापाला घासलेले, समांतर बाजूंचे पाते वापरले तर हे टळते. पण असा पेचकस करून घेण्याची बुद्धी साधारणपणे ओरखड्यानंतर होते.

शेवटी वाट लेथवर जाते. खरा उपाय तोच: मापाचा स्क्रू विकत मिळत नाही, करून घ्यावा लागतो. झिजलेल्या भोकासाठी तो मूळ मापापेक्षा केसभर जाड ठेवतात. मऊ लोखंडाचा केला तर वाकतो, म्हणून जुने कारागीर हाडांचा आणि चामड्याचा कोळसा भरलेल्या डब्यात स्क्रू तापवून त्याची कातडी कडक करीत आणि गाभा मऊ ठेवीत. वर निळा रंग हवा तर घासून लख्ख केलेले पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सियसला तापवले की तो आपोआप चढतो. थोडे अधिक तापले की तो तितक्याच आपोआप उतरून राखाडी होतो. उंची इंग्रजी बंदुकांत शेवटची एक चैन असे: स्क्रू पूर्ण आवळल्यावर सगळ्या खाचा नळीच्या रेषेत उभ्या थांबत. नवा स्क्रू हटकून सव्वातीनच्या काट्यासारखा आडवा थांबतो. तो सरळ करण्यासाठी आणखी थोडा पिळणारे लोक नव्या स्क्रूच्या दुसऱ्या खेपेला लेथवर येतात.

कायद्याचे अंग इथेच लागते. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्राबरोबर त्याचे भागही येतात. निव्वळ घरगुती किंवा शेतकामाच्या वस्तू वगळल्या आहेत आणि उदाहरणादाखल लाठी व साधी हातकाठी यांची नावे दिली आहेत. स्क्रूचे नाव कुठेच नाही. पाचव्या कलमानुसार बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. म्हणून लेथवाल्याने स्क्रू करून द्यावा, पण बंदूक खोलणे आणि जोडणे परवानाधारक कारागिराकडेच व्हावे. त्यासाठी प्रसंगी नागपूरपर्यंत जावे लागले तरी. पंचेचाळिसावे कलम अधिक सूक्ष्म आहे. शस्त्राचे किरकोळ भाग, जर ते बाकीच्या जोडभागांबरोबर वापरायचा इरादा नसेल तर, बाळगायला मोकळीक आहे. म्हणजे खिशातला स्क्रू हा इराद्याप्रमाणे बदलतो: चष्म्याच्या डबीत विसरलेला असेल तर नुसता स्क्रू, बंदुकीसाठी नेत असाल तर कायद्याचा विषय. त्याच कलमात जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारालाही सूट आहे. मात्र ते दुरुस्त करूनसुद्धा चालण्याजोगे नसावे. ‘एक स्क्रू नाही म्हणून बंद आहे’ असे म्हणणारा मालक आपली बंदूक चालू होऊ शकते हेच स्वतःच्या तोंडाने सांगत असतो.

संग्रहालयांनी या सर्वांतून साधे नियम काढले आहेत. गंजलेला स्क्रू तेल मुरवत ठेवून, वाट बघून काढतात. घाई करीत नाहीत. काढलेले स्क्रू एका पुठ्ठ्यावर बंदुकीचे चित्र काढून जागच्या जागी खोचून ठेवतात. नवा बसवलाच तर त्याच्यावर लपलेल्या बाजूला खूण करतात, म्हणजे पुढचा अभ्यासक फसत नाही. आणि मोडका मूळ स्क्रू चिठ्ठी लावून जपतात. वावरातल्या बंदुकीलाही हेच नियम लागू पडतात. परवान्याचे नूतनीकरण २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांनी करावे लागते. परवान्यावर बंदुकीचा प्रकार आणि क्रमांक असतो. स्क्रूंसाठी रकाना नसतो, म्हणून ती नोंद मालकानेच ठेवायची असते. एका वहीत प्रत्येक स्क्रूची जागा, जाडी, लांबी आणि इंचातले आटे लिहावेत आणि बंदूक वारसाच्या नावावर होईल तेव्हा ती वही सोबत द्यावी. पेचकस देऊ नये.